रिता कोनाडा

एका राज्यात 'रिकामे' हा शब्द कोणी उच्चारीत नसे. तशी राजाज्ञा नव्हती, रीत होती. डब्यातले तांदूळ संपले तर बायका म्हणत, तांदूळ वाढले. घराबाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नसे, 'येतो' म्हणे. आणि शेजाऱ्याचे भांडे कोणी कधी तसेच परत करीत नसे. वाटीभर विरजण आणले, तर परत जाताना त्या वाटीत चार शेंगा तरी असत, नाहीतर साखरेची चिमूट. घरी अठराविश्वे दारिद्र्य असले तरी ही रीत सुटत नसे. मोठी गोड रीत होती. पण गोड रीतीनेही घात होतो.

राजाचे नाव हेमांगद. मनाचा मऊ, हाताचा सढळ. राणी देवाघरी गेलेली, आणि एकच मुलगी, कुमुद्वती. ही कुमुद्वती लहान असताना तापाने फणफणली. वैद्य थकले, मांत्रिक थकले. तेव्हा पूर्वेच्या डोंगरातली काही माणसे न बोलावता आली. त्यांनी मातीच्या घड्यातून काळा मध आणला होता. मुलीने तो चाटला आणि तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. डोंगरातली माणसे तोवर निघूनही गेली होती. घडा मात्र राजवाड्यात राहिला.

तो घडा राजाला झोपू देईना. भांडे परत करायचे ते भरून. पण कशाने? धान्य घालावे तर ते मुलीच्या प्राणापुढे थोडे, रत्ने घालावी तर ती माणसे रत्ने लेत नाहीत. अशी वर्षे गेली. कुमुद्वती मोठी झाली, घडा कोठारात तसाच.

मग एकदा राजमांत्रिक कालभृंग डोंगरातून फिरून आला आणि म्हणाला,

"महाराज, त्या लोकांना देव नाही."

"म्हणजे काय?"

"डोंगरमाथ्यावर काळ्या खडकात कोरलेला एक कोनाडा आहे. रोज पहाटे तो झाडतात, उंबऱ्यावर फुले वाहतात, बाहेर दिवा लावतात. पण आत..." कालभृंग अडखळला. तो शब्द त्याच्याही जिभेवर येईना.

"आत काय?"

"आत देव वाढला आहे, महाराज."

राजाला कळले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "अरेरे! मूर्ती घडवायची ऐपत नाही बिचाऱ्यांची. आणि मी इथे घड्यात काय घालू म्हणून बसलो आहे!"

त्याने आपल्या कुलदैवताची सोन्याची मूर्ती घडवली. डोळ्यांत माणके बसवली. हत्तीवर अंबारी, अंबारीत मूर्ती, पुढे नगारे, मागे सारे नगर, अशी मिरवणूक डोंगर चढली. कालभृंगाने मंत्र म्हटले, प्राणप्रतिष्ठा केली आणि राजाने आपल्या हातांनी मूर्ती कोनाड्यात बसवली. मूर्ती अशी चपखल बसली की बोट घालायला फट राहिली नाही.

डोंगरातली माणसे उतारावर उभी राहून पाहत होती. त्यांच्यात भुराई नावाची एक म्हातारी होती. तिचा शब्द तिथे शेवटचा मानीत. मूर्ती हीच त्या घड्याची भर असे मानून राजाने मधाचा घडा तिच्या हाती दिला आणि नम्रपणे विचारले, "आई, आता आपल्या घड्याचा उतराई झालो ना?"

भुराईने कोनाड्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "राजा, तू भरलंस."

राजाच्या राज्यात याहून मोठी शाबासकी नव्हती. कणगी भरावी, घर भरावे, ओटी भरावी. भरले ते सगळे शुभ. राजाने हात जोडले. भुराई घडा घेऊन आपल्या झोपडीपाशी गेली, तो तिने दारात पालथा घातला आणि दार लावून घेतले.

परतताना कुमुद्वती म्हणाली, "बाबा, तिने घडा पालथा का घातला?"

"आनंदाच्या भरात घातला असेल, कुमुदे."

"आनंदाच्या भरात कोणी घडा पालथा घालतं का?"

राजा नगाऱ्यांच्या आवाजात काही ऐकू आले नाही असे दाखवून पुढे पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुजाऱ्याने शंख फुंकला. शंख वाजला नाही. घंटेचा लोलक हलवला, तर दगडावर दगड आपटल्यासारखा खट आवाज आला. नगारा मुका, मृदंग मुका, बासरीत फुंकर शिरेना. पाणवठ्यावर बायकांनी घागरी बुडवल्या. घागरीत डोकावले तर आत काही दिसत नव्हते, पण पाणी आत जाईना. पातेल्यात तांदूळ मावेनात. रांजणात हात जाईना. जिथे जिथे पोकळी होती तिथे तिथे न दिसणारे काहीतरी ठासून भरले होते. माणसे पानावर भाकरी ठेवून खाऊ लागली आणि ओढ्याला तोंड लावून पाणी पिऊ लागली, गुरांसारखी.

मग ते कंठात आले. सारे नगर हळूहळू कुजबुजत बोलू लागले. पोकळी ही अशी चीज आहे की ती असेपर्यंत तिची कोणी आठवणही काढीत नाही.

सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त भरला तो राजा. कारण मूर्ती त्याच्या हाताने बसली होती. त्याचा आवाज गेला. नंतर वैद्याने छातीला कान लावला आणि कुमुद्वतीला बाजूला घेऊन तो कुजबुजला, "राजकन्ये, महाराजांच्या छातीत श्वासाला जागा उरत नाही. रोज थोडी कमी होते. ती पुरती संपेल त्या दिवशी..."

सरदारांनी मूर्ती काढून आणायला हत्ती पाठवले. साखळदंड तुटले, मूर्ती तसूभर हलली नाही. सोने खडकात मुळासारखे रुजले होते.

साऱ्या राज्यात एका कालभृंगाचाच आवाज खणखणीत राहिला होता. लोक म्हणत, हा आधीच इतका भरलेला, की शापाला याच्यात शिरायला जागाच सापडली नाही. तो दरबारात उभा राहून गरजला, "मूर्ती निघणार नाही. माझा मंत्र कच्चा नव्हता! हे डोंगरी लोकांचे चेटूक आहे. तो कोनाडाच फोडून टाका. जागाच उरली नाही, तर शाप बसेल कुठे?"

राजाने पलंगावरून हात उचलला. होकार द्यायला उचलला की थांबवायला, हे सांगणे कठीण आहे. कुमुद्वतीने तो हात मध्येच धरला.

"बाबा, ज्यांच्या मधाने मी जगले, त्यांचा खडक त्यांना न विचारता फोडायचा? एकदा न विचारता भरून झालं आहे. आधी मला जाऊन येऊ द्या."

राजाने हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"या जाऊन," कालभृंग म्हणाला. "महाराजांची पालखी आणि पाथरवट घेऊन मी मागून येतोच. आणि हे बरोबर असू द्या." त्याने तिला वज्रलेपाचा डबा दिला, मूर्तीला तडा गेला तर लावतात तो, दगडाला दगड जोडणारा. आणि एक लोखंडी घण दिला. "जोडायचे असेल तर हा, फोडायचे असेल तर हा. जगात तिसरे काम नसते, राजकन्ये."

कुमुद्वती निघाली. वेशीबाहेर सावरीच्या झाडावर एक तांबट बसला होता. हिरवे अंग, कपाळावर कुंकवासारखा लाल टिळा, आणि चेहरा असा की सगळ्या जगाने आपल्याला फसवले आहे.

"तूच ना ती राजाची मुलगी?" तांबट घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्या देशात पक्षी बोलत. "सारा हिवाळा चोच झिजवून ढोली कोरली. आत अंडी घालायची तर बायको बाहेर आणि ढोली आत भरलेली! माझी टुक टुक पण गेली. तांबट टुक टुक करीनासा झाला, तर त्याला पोपट म्हणायचं का?"

"मी तेच सोडवायला निघाले आहे."

"तू? एकटी? मग मी येतो. कोणीतरी शहाणं बरोबर हवं." आणि तो तिच्या खांद्यावर येऊन बसला.

डोंगरावर भुराईच्या दारात घडा अजून पालथाच होता. भुराईने राजकन्येला बसायला घोंगडी दिली.

"पाणी विचारत नाही, बाय. आमच्याही भांड्यात मावत नाही."

"आजी, तुम्ही आम्हाला शाप दिलात?"

"आम्ही कशाला शाप देऊ? आम्हीही तुमच्यासारखेच भरल्या घशानं बोलतो." भुराईने कोनाड्याकडे बोट केले. "जगातलं सगळं रितेपण रात्री तिथं येऊन बसतं आणि दिवसा आपापल्या कामाला जातं, घागरीत, ढोलात, माणसाच्या छातीत. आम्ही त्याची जागा झाडून ठेवतो, एवढीच आमची पूजा. त्याची जागा गेली. ते उठून गेलं."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले की. म्हटलं, तू भरलंस."

कुमुद्वती पालथ्या घड्याकडे पाहत म्हणाली, "आमच्याकडे ते चांगलं असतं, आजी."

"आता कळलं मला ते. तेव्हा वाटलं, राजा असून एवढंही कसं कळत नाही याला. माझंही चुकलंच जरा. दार लावून बसायला नको होतं."

"आता काय करू? मूर्ती हलत नाही."

"कशी हलेल? देव आहे तो. तुमचा असला तरी देवच. हत्ती लावून ओढतात का देवाला? बोलावताना मंत्र म्हटलात, नाद केलात, पाणी घातलंत. पाठवतानाही तसंच पाठवायला हवं."

उत्तरपूजा! कुमुद्वतीला उमगले. देव उठवायचा तर पाणी हवे आणि नाद हवा. पण पाणी भांड्यात राहत नाही आणि शंख वाजत नाही.

"दोन्ही अजून जिवंत आहेत," भुराई म्हणाली. "पाणी भंगलेल्या आईच्या तळहातावर आहे, पलीकडच्या माळावर. नाद खाऱ्या तळ्याकाठी आहे, मौनी लोकांच्या देवापाशी. पण बाय, दोन्ही दुसऱ्यांची दैवतं आहेत. सांभाळून."

"आणि तिसरं?" कुमुद्वतीने विचारले, कारण अशा कामात तिसरे असतेच.

"तिसरं तुझ्यापाशी आहे. काय ते सांगत नाही. सांगितलं तर तू ते भरून आणशील."

माळावर मेंढपाळांची वस्ती होती. मध्ये उघड्यावर एक पाषाणमूर्ती उभी होती. तिला मस्तक नव्हते. उजवा हात कोपरापासून नव्हता. डाव्या हाताच्या खोलगट तळव्यात स्वच्छ पाणी चमकत होते. मस्तक पायाशी ठेवलेले होते. त्याला हळद-कुंकू, त्याच्यापुढे वेगळा नैवेद्य.

कुमुद्वतीच्या अंगावर काटा आला. तिच्या राज्यात भंगलेली मूर्ती घरात ठेवीत नसत. नदीत सोडीत आणि आंघोळ करीत. तिचा हात आपोआप वज्रलेपाच्या डब्यावर गेला.

"लाव की," तांबट म्हणाला. "डोकं उचललं, लेप लावला, बसवलं. पाणी मिळेल, वर पुण्य मिळेल. मी असतो तर कधीच..."

डब्याचे झाकण अर्धे उघडले होते. तेवढ्यात कुमुद्वतीला पालथा घडा आठवला. ती थांबली आणि शेजारी लोकर कातीत बसलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला तिने विचारले, "काका, आईचं मस्तक असं खाली का?"

"विचारलंस, बरं केलंस," मेंढपाळ म्हणाला. "फार मागं इथं तलवारी आल्या होत्या. आमचे वाडवडील आईच्या मागं लपले. पहिला घाव आईनं घेतला, दुसरा तिनंच घेतला. तिसरा घालायला तलवार उरली नाही. येणारे-जाणारे भले लोक म्हणतात, जोडून देतो. जोडल्यावर आईनं काय केलं ते लेकरांना कसं दाखवू?"

कुमुद्वतीने डबा बंद केला, माळावर खड्डा केला आणि पुरून टाकला. मग तिने आधी पायाशी असलेल्या मस्तकाला नमस्कार केला, मागाहून मूर्तीला. तिला ती मूर्ती सुंदर वाटली का? नाही. अजून भीतीच वाटत होती. पण नमस्कार खरा होता.

"पाणी न्यायचं कशात?" ती म्हणाली. "भांड्यात मावत नाही."

"भांडं कशाला? पदर आहे ना?" मेंढपाळ म्हणाला.

तिने पदराचे टोक तळव्यातल्या पाण्यात भिजवले. पदर जड झाला आणि मग तो वाळला नाही, उन्हातही नाही आणि वाऱ्यातही नाही.

खाऱ्या तळ्याकाठी मौनी लोक राहत. ते फार थोडे बोलत. पांढऱ्या वाळूच्या आसनावर त्यांचा देव होता: एक मोठा शंख. वारा त्याच्यावरून गेला की आत खोल काहीतरी घुमे. तो भरला नव्हता.

राखणदार बाई म्हणाली, "बस. पण फुंकायचा नाही."

"कधीच?"

"कधीच. आमचा देव बोलत नाही, ऐकतो. त्याच्या तोंडाला तोंड लावणं म्हणजे त्याला मध्येच तोडणं." एवढे बोलून ती दूर जाऊन पाठमोरी बसली.

आता शंख, कुमुद्वती आणि तांबट असे तिघेच होते. तांबट तिच्या कानाशी लागला. "फुंक. ती पाहत नाही. एका फुंकीत नाद मिळेल, तो पदराच्या गाठीला बांधू आणि पळू. अगं, तुझ्या बापाचा श्वास आहे तो!"

बापाचा श्वास. ती शंखावर वाकली. ओठ शंखापासून बोटभर अंतरावर आले. वैद्याने अर्धवट सोडलेले वाक्य तिला ऐकू येत होते. एक फुंकर. कोणाचे काय गेले असते?

तिने फुंकर घातली नाही. त्याच अंतरावरून ती शंखाशी बोलली. "देवा, तू माझा नाहीस. तुझी स्तुती मला येत नाही. माझे बाबा वाईट नाहीत. भांडं तसंच परत करू नये, एवढंच त्यांना शिकवलं होतं. ते रात्री बसून झोपतात, आडवे झाले की श्वास पुरत नाही. मला भीती वाटते." मग तिला रडू आले. रडून झाल्यावर ती उठली आणि हात झाडून चालू लागली.

"मूर्ख मुलगी!" तांबट घोगऱ्या आवाजात ओरडला. "आली तशी चालली! आणि हा! हा नुसता ऐकतो म्हणे!" रागारागाने तो शंखाच्या तोंडाशी बसला, डोके आत खुपसले आणि भांडू लागला. ढोली, हिवाळा, झिजलेली चोच, फांदीवर उघड्यावर बसलेली बायको, सगळे त्याने सांगितले. बोलता बोलता त्याचा आवाज बदलला. भांडण संपले आणि नुसते दुःख राहिले. शेवटी त्याने डोके बाहेर काढले आणि हुंदका गिळला.

टुक.

तांब्याच्या हंड्यावर हातोडी पडावी तसा स्वच्छ नाद तळ्यावरून गेला.

तांबटाने दचकून मागे पाहिले. "कोण बोललं?"

"तूच," राखणदार बाई पाठमोरीच म्हणाली. "ऐकून घेतलं त्यानं."

ती दोघे डोंगरावर परतली, तेव्हा कोनाड्यापुढे दोन जमाव समोरासमोर उभे होते. एकीकडे पहारी घेतलेले पाथरवट आणि सैनिक, त्यांच्यापुढे कालभृंग. दुसरीकडे कुऱ्हाडी घेतलेले डोंगरातले तरुण. मध्ये राजाची पालखी जमिनीवर टेकवलेली. राजाचा चेहरा निळा पडला होता आणि छाती अगदी बारीक, सुगरणीच्या पिल्लासारखी, हलत होती.

"आलात?" कालभृंग गरजला. "घण आणलात ना? घाला त्या खडकावर!"

"राजकन्ये, तो घण इकडं दे," एक डोंगरी तरुण घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्या सोन्याचे तुकडे करतो. तुमचा देव आमच्या उरावर बसलाय."

दोन्हीकडून हात पुढे आले. कुमुद्वतीने पालखीकडे पाहिले. वेळ उरला नव्हता. घण तिच्या हातात होता आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी तिला कोनाडाही फोडावासा वाटला आणि मूर्तीही.

कोनाडा उंच होता, तिचा हात पुरत नव्हता. तिने घण कोनाड्याखाली आडवा टाकला आणि पाट करून त्यावर ती चढली.

"हे काय?" कालभृंग म्हणाला.

"तिसरं काम," ती म्हणाली.

ओल्या पदराने तिने मूर्तीचे पाय पुसले. भंगलेल्या आईचे पाणी सोन्यावरून ओघळले. कनवटीचे चार तांदूळ तिने मूर्तीवर वाहिले आणि तांबटाकडे पाहिले. तांबट उंबऱ्यावर बसला, मान ताठ केली आणि वाजू लागला. टुक. टुक. टुक. त्या मुक्या डोंगरावर आवाज असा तेवढाच होता. सैनिकांच्या पहारी खाली आल्या.

"देवा," कुमुद्वती म्हणाली, "तुम्हाला न विचारता आम्ही तुम्हाला दुसऱ्याच्या घरी बसवलं. घरच्यांनाही विचारलं नाही. तुमची चूक नाही, त्यांची नाही. उठा, आपल्या घरी चला."

माणकांचे डोळे उघडले. सोने खडकापासून सुटले, त्याची मुळे आखडली, मूर्ती वीतभर पुढे सरकली. आणि थांबली.

कालभृंग हसला. "थांबला तो! राजकन्ये, देवाला उठवलंत, पण बसवणार कुठे? सिंहासन आणलंत? पालखीत तर महाराज आहेत. देवाला भुईवर ठेवणार?"

कुमुद्वतीने आजूबाजूला पाहिले. पाट नव्हता, चौरंग नव्हता. तिच्यापाशी काहीच नव्हते. तिसरे तुझ्यापाशी आहे, असे भुराई म्हणाली होती.

तिने पदर दोन्ही हातांनी पुढे पसरला. ओटी. तिच्या राज्यातली बाई कधी मोकळी ओटी चारचौघांत पसरीत नसे. आधी नारळ, खण, मूठभर तांदूळ घाले आणि मग पसरे. सैनिकांनी माना खाली घातल्या. राजकन्येचा कंठ भरत चालला होता. उरलेल्या सगळ्या आवाजानिशी तिने तो शब्द उच्चारला, जो त्या राज्यात आजवर कोणी उच्चारला नव्हता.

"देवा, माझी ओटी रिकामी आहे. या."

आणि देव आला. जिथे हत्तींच्या साखळ्या तुटल्या होत्या, तिथून ती सोन्याची मूर्ती आपण होऊन उतरली आणि दत्तक मूल मांडीवर यावे तशी तिच्या ओटीत आली. तिचा भार तान्ह्या मुलाएवढा होता, अधिक नाही.

कोनाडा रिता झाला.

आधी वारा थांबला. मग भुराईच्या दारातला पालथा घडा एकदा घुमला. मग कोनाड्यात काहीतरी येऊन बसले. दिसले कोणालाच नाही, पण सगळ्यांनाच कळले. आणि लगेच दरीपलीकडून, दूरच्या नगरातून, कोणी न फुंकता शंख वाजू लागले. देवळादेवळांतल्या घंटा घणाणल्या. वाटेवर टाकून दिलेला नगारा आपोआप धडधडला. दरीने इतक्या दिवसांचे प्रतिध्वनी एकदम परत दिले. त्यात कोणाची हाक होती, कोणाचे हसू होते, आणि कालभृंगाचे मोठमोठ्याने बोललेले सगळे होते. ते ऐकून तो ओशाळला.

पालखीत राजा उठून बसला. त्याने असा श्वास घेतला की जवळच्या लोकांची पागोटी हलली. त्याने कोनाडा पाहिला, मुलगी पाहिली, तिच्या ओटीतले कुलदैवत पाहिले. मग तो चालत भुराईपुढे गेला.

"आई," तो म्हणाला, आणि अडखळत, जीभ नव्याने वळवीत म्हणाला, "आपला कोनाडा... रिकामा आहे."

"राहू दे," भुराई म्हणाली. "तसाच असू दे."

दोघेही हसले.

मिरवणूक परतायला निघाली. कुमुद्वती देवाला ओटीत घेऊन पुढे चालली होती. डोंगरातली माणसे मूर्तीला पूजत नाहीत. त्यांनी त्या दिवशीही पूजा केली नाही. पण त्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या, वाट सोडली, आणि ज्या तरुणाने मूर्तीचे तुकडे करायला घण मागितला होता त्याने वाटेतले काटे उचलले. सैनिकांनी कोनाड्यापुढे पायताणे काढली. आत काय आहे हे त्यांना अजून कळले नव्हते. कळायलाच हवे असेही नव्हते.

निघताना भुराईने दारातला घडा उचलला, धुतला आणि राजाच्या हाती दिला. राजाने सवयीने आत पाहिले. आत काही नव्हते.

"आमच्याकडं घरच्या माणसालाच रितं भांडं देतात," भुराई म्हणाली. "परक्याला मध."

राजाने तो घडा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि डोंगर उतरेपर्यंत कोणाला धरू दिला नाही.

कालभृंगाचे सांगायचे राहिले. पोकळी परतली तेव्हा थोडी त्याच्यातही शिरली. उतारावर तो मध्येच थांबला, पोटावर हात ठेवला आणि गोंधळून म्हणाला, "हे काय होतं आहे मला?"

"भूक," तांबट म्हणाला. "वाईट नसते. सवय होईल." आणि तो सावरीकडे उडाला. ढोली मोकळी होती. बायको आत बसून वाट पाहत होती आणि उशीर झाल्याबद्दल बोलतही होती.

पुढे हेमांगदाने पुष्कळ वर्षे राज्य केले आणि त्याच्यामागे कुमुद्वतीने केले. कुलदैवत आपल्या देवळात बसले, त्याला रोज वाजतगाजत पूजा. डोंगराचा घडा दरबारात सिंहासनाशेजारी राहिला, तोंड वर करून, आत काही न घालता. कोणी नवा फुलमाळी त्यात हौसेने फुले ठेवायला गेला, तर शिपाई त्याला अडवीत आणि म्हणत, "अरे, आधी विचार!"

शेजाऱ्याचे भांडे भरून परत करायची रीत त्या राज्यात अजून आहे. फक्त देण्याआधी दारात उभे राहून विचारतात, घालू का?

ज्याचे भांडे त्याच्या घरी, ज्याचा देव त्याच्या दारी. सांगणाऱ्याची गोष्ट सरली. ऐकणाऱ्याची ओंजळ तेवढी मोकळी राहो.